जुन्या प्लॅस्टिकच्या मुठींवरील रंग : उतरविण्यापूर्वीची परीक्षा

कपाटाच्या दाराला किंवा टेबलाच्या खणाला बसविलेली जुनी मूठ बहुधा लाकडाबरोबरच रंगविली गेलेली असते. असे तीन-चार थर चढले, की खाली मूळ द्रव्य कोणते होते हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. पितळेच्या मुठीस जे द्रावण मानवते, तेच प्लॅस्टिकच्या मुठीचा पृष्ठभाग काही क्षणांत चिकट करून टाकू शकते. म्हणून रंग कशाने काढावा, या प्रश्नाआधी तो कशावरून काढावयाचा, हे ठरविणे अवश्य आहे.

येथे निम्मी अडचण शब्दाची आहे. ‘प्लॅस्टिक’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आकार देण्यास योग्य’ एवढाच. हा गुणवाचक शब्द द्रव्यवाचक झाला आणि परस्परांशी रासायनिक नाते नसलेली अनेक द्रव्ये त्याखाली नांदू लागली. ‘बेकेलाइट’चा प्रवास निराळा. लिओ बेकलंड यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून १९०७ मध्ये सिद्ध केलेल्या आणि १९०९ मध्ये जाहीर केलेल्या एका विशिष्ट राळेचे ते व्यापारी नाव होय. जुन्या बाजारात मात्र ते कोणत्याही जड, चकचकीत मुठीस लावले जाते. अर्थविस्ताराचे हे उदाहरण वर्गात उपयोगी पडते. हाती ॲसिटोनची बाटली असताना ते घातक ठरते.

परीक्षा साधी आहे. मूठ स्क्रू काढून सोडवावी. लाकडास टेकलेली तिची मागील बाजू सामान्यतः कोरी असते. तेथे ॲसिटोनमध्ये किंचित भिजविलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ते द्रव्य सेल्युलोज ॲसिटेट, सेल्युलॉइड, पॉलिस्टायरीन किंवा त्यांसारखे समजून सर्व द्रावणे दूर ठेवावीत. सेल्युलॉइडला घासल्यावर कापराचा वास येतो आणि ते अत्यंत ज्वालाग्राही असते. तापलेल्या सुईची जी परीक्षा पुष्कळदा सुचविली जाते, ती त्यामुळे मुळीच करू नये.

पृष्ठभाग तसाच राहिला, तर तीच जागा कोरडी करून अंगठ्याने ऊन होईपर्यंत चोळावी. कार्बोलिकसारखा वास आल्यास फिनॉलची राळ आहे असे मानण्यास हरकत नाही. तो न आल्यास द्रव्य दुधातील केसीनपासून केलेले असू शकते, असे धरून चालावे. केसीन ॲसिटोनला दाद देत नाही. परंतु पाणी शोषून फुगते आणि वाळताना तडकते. म्हणजे एकास जे निरुपद्रवी, तेच दुसऱ्यास मारक.

प्रत्यक्ष कृतीविषयी फार सांगण्याजोगे नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंगाची पकड मुळातच दुबळी असते. केसीन सोडून इतरांस कोमट पाणी व साबण लावावा आणि बांबूच्या बोथट काडीने थर उचलावा. बेकेलाइटमध्ये बहुधा लाकडाचा भुसा मिसळलेला असतो. त्याची वरची तकाकी झिजली असल्यास पाणी आत शिरते, यास्तव भिजत टाकू नये. राहिलेल्या रंगासाठी बेकेलाइटवर अल्कोहोलने ओलसर केलेले फडके पुरते. केसीनवर तेही फार ओले नसावे. कॉस्टिक सोडा कोठेही वापरू नये. तो फिनॉलच्या राळेसही खातो. मिथिलीन क्लोराइड असलेली रंगनाशके अनेक प्लॅस्टिके विरघळवितातच, शिवाय त्यांची वाफ प्राणघातक ठरलेली आहे. अमेरिकेत ग्राहकांस त्यांची विक्री २०१९ मध्ये बंद झाली.

मुठीपेक्षा हाताची काळजी अधिक महत्त्वाची. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ चे असून ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या कोणत्याही थरात शिसे असल्याचे गृहीत धरावे. उष्णतारोधक बेकेलाइटमध्ये काही वेळा ॲस्बेस्टॉसही घातले जात असे. या दोन्ही कारणांनी सँडपेपरने कोरडे घासणे वर्ज्य होय. रंग ओला असतानाच काढावा. केसीनच्या मुठीवर अल्कोहोलचा ओलावा पुरे. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, जवळ ज्योत नसावी, मुले व जेवणाची भांडी दूर असावीत. कपचे ओल्या कागदात गुंडाळून बंद पिशवीत ठेवावेत; ते घरच्या केरात मिसळू नयेत.