पहिला दात आणि माझं जॉइनिंग

मे महिना, जळगाव, संध्याकाळचे सात. बाहेर अजून झळा मारताहेत. ऑफिसातून येऊन मी हातपाय धुते, घटाघट दोन ग्लास पाणी पिते आणि चिऊला जवळ घेते. दिवसभर मी याच क्षणाची वाट बघत असते. तीही बघते असं मला वाटायचं. त्या दिवशी मात्र तिनं तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा प्यायली आणि कचकन चावली!

मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू दारात. चिऊ आधी दचकली, मग रडली. आणि त्यानंतर अंगावर प्यायचं नावच काढेना.

ती तेव्हा सात महिन्यांची होती. मला ऑफिस जॉइन करून महिना झाला होता. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, हे आपल्याला पाठच असतं. पण जरा हिशेब करा. त्यातले काही आठवडे डिलिव्हरीआधीच संपतात. उरलेली रजा संपते तेव्हा बाळ साधारण पाच-सहा महिन्यांचं असतं, आणि पहिला दातही बऱ्याचदा सहाव्या महिन्याच्या आसपास डोकावतो. म्हणजे बॉसचा फोन आणि बाळाचा दात एकाच मुहूर्तावर! त्याच कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं, असंही आहे. आमच्या ऑफिसात माणसं चौदा. त्यामुळे तो विषयच नाही.

‘दात येताहेत, दुसरं काय!’

दुसऱ्या दिवशी लाळेरं तासाला बदलावं लागत होतं. मूठ तोंडात, हिरड्या लाल. सासूबाई म्हणाल्या, ‘दात येताहेत.’ तिसऱ्या दिवशी पातळ शी झाली. ‘दातांचंच आहे.’ रात्री अंग तापलं. ‘दात येताना ताप येतोच गं!’ फोनवर धुळ्याहून आईनंही तेच सांगितलं, ‘पोरले दात यी ऱ्हायनात, माय. घाबरू नको.’ सगळ्या अनुभवी बायका एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. मी गप्प बसले.

रात्री दोनला थर्मामीटर लावला. १०२. मग आठवलं, सकाळपासून लंगोट फक्त दोनदा ओला झाला होता. ती रात्र मी कशी काढली, माझं मला माहीत.

सकाळी डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, पोट बघितलं आणि कानात बॅटरी टाकली. ‘कानात इन्फेक्शन आहे. चोखताना आणि गिळताना कानात कळ जाते, म्हणून ती पीत नाहीये.’ मग जे म्हणाले ते मी आता भेटेल त्या नव्या आईला ऐकवते : दातांमुळे लाळ गळते, चिडचिड होते, झोप मोडते, अंग किंचित कोमट लागू शकतं. पण १००.४ च्या वरचा ताप आणि जुलाब दातांच्या नावावर खपवायचे नाहीत. याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि बाळ दिसेल ते तोंडात घालत असतं. आजार येतो त्या वाटेनं, आणि नाव होतं दाताचं!

आई आली धुळ्याहून

औषध सुरू झालं, ओआरएस चमच्यानं पाजलं, ताप उतरला. पण अंगावर पिणं? अजूनही नकोच. दुपारी आई एसटीनं आली, पारोळा-एरंडोल करत, पिशवीत खारीक आणि मधाची बाटली घेऊन. मध मी हात जोडून बाजूला ठेवला. वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोटुलिझम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. खारीकही नाही, तुकडा सुटला तर घशात अडकेल. आई जरा फुगली. मग मी तिला माझीही चूक दाखवली : घाईघाईत आणलेली, हिरडी बधिर करणारी जेलची ट्यूब. अशा जेलमधल्या बेन्झोकेनमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरू नका असं बजावलंय. ट्यूब कचऱ्यात गेली. फिट्टंफाट!

बाकी मात्र आई जिंकली. तिनं जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा धुऊन, उकळून फ्रिजमध्ये गार केला आणि माझ्या हातात दिला. ‘आधी हे चावू दे, मग घे.’ खोलीत अंधार केला, टीव्ही बंद, मोबाइल बाहेर. ‘पाजायच्या मागे लागू नको. नुसती अंगाशी घेऊन पड.’ पहाटे चारला, अर्धवट झोपेत, चिऊ आपली आपण प्यायला लागली. मी हललेसुद्धा नाही. आई मात्र तोंडाला पदर लावून हसत होती.

तुमच्या घरी दात येतील तेव्हा

- पाजण्याआधी स्वच्छ बोटानं हिरड्या हलकेच चोळा किंवा गार ओलं फडकं चावायला द्या. टीदर फ्रिजमधला चालेल, फ्रीजरमधला दगड नको.
- चावलं तर ओढू नका, ओरडू नका (मी ओरडले, चार दिवस भोगलं). ओठाच्या कोपऱ्यातून बोट घालून पकड सोडवा.
- बाळ पीत नसेल तोवर दूध काढत राहा, नाहीतर गाठी होतात. ते वाटी-चमच्यानं पाजा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, हा नियम २५ डिग्रीपर्यंतचा. आपल्या खानदेशी उन्हाळ्यात थेट फ्रिज!
- सहा महिने झाले असतील तर गार कुस्करलेलं केळं, गार मऊ वरणभात. जळगावात राहून केळ्याला का लाजायचं?
- लंगोट मोजा. दिवसभरात सहाएक ओले होत असतील तर निवांत राहा. सहा-आठ तास कोरडा, टाळू खोल, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ताप : लगेच डॉक्टर.

दात त्यानंतर आठवड्यानं आले. खालचे दोन, तांदळाच्या कणीएवढे. मी तेव्हा ऑफिसात होते. सासूबाईंनी चिऊला वाटी-चमच्यानं पाणी पाजताना ‘टिक्’ आवाज ऐकला आणि फोन केला. मीटिंग सुरू होती, तरी मी फोन उचलला. बॉसनं भुवया उंचावल्या. म्हटलं, ‘सर, दोन मिनिटं. घरी नवीन जॉइनिंग झालंय!’