उलटे झाड

दहावीच्या विज्ञानात बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर काढायचा प्रयोग आहे. साहित्य साधे. भिंग, पांढरा कागद, मोजपट्टी आणि खिडकीबाहेरचे लांबचे झाड. मूल भिंग हळूहळू पुढे-मागे सरकवते. कागदावर आधी नुसता हिरवट डाग पडतो, मग एकदम फांद्या उमटतात, त्याही उलट्या! हात न हलवता अंतर मोजायचे. नाभी म्हणजे काय, हे मुलाला तिथे कळते.

2020च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि हा प्रयोग मोबाइलवर गेला. डब्यांच्या आधाराने फोन उभा करायचा, एका हातात भिंग, दुसऱ्यात कागद. पण कॅमेरा स्वतःच फोकस साधतो. प्रतिमा धूसर आहे की कॅमेरा अडखळतोय, हे पलीकडच्या मुलाला कळणार कसे? शिवाय भिंग सरकवणारा हात शिक्षकांचा. नेमके कुठे थांबायचे, हे मुलांच्या बोटांना शिकायचे राहूनच गेले.

तेही फोन असेल तर. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या 2020च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे 62 टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता.

आम्ल-आम्लारींचा धडा मात्र घरात जमण्यासारखा होता. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाचे पाणी टाकले की लाल डाग पडतो. त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा. जास्वंदीचा अर्क लिंबाने गुलाबी होतो, खाण्याच्या सोड्याने हिरवट. वर्गात जो प्रयोग मागच्या बाकावरून कसाबसा दिसतो, तो इथे मुलाच्या स्वतःच्या हातात येतो. टाळेबंदीतली ही एक गोष्ट शाळांनी कायम ठेवायला हवी.

महाराष्ट्रात 2021ची दहावीची परीक्षा रद्द झाली. अंतर्गत मूल्यमापनावर 16 जुलैला निकाल लागला. राज्यातले बरेच वर्ग 4 ऑक्टोबरला पुन्हा भरले. प्रयोगशाळेत तेव्हा एक नवीच काळजी होती. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते; हात पूर्ण वाळल्याशिवाय स्पिरिटच्या दिव्याजवळ जाणे धोक्याचे.

2020च्या जूनमध्ये सहावीत गेलेली मुले 2025मध्ये दहावीच्या परीक्षेला बसली. मधली दोन वर्षे त्यांनी बरेचसे विज्ञान नुसते पाहिले. त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी तरी कपाटातली भिंगे बाहेर काढावीत, आणि कागदावर झाड उमटेपर्यंत ती मुलांच्याच हातात राहू द्यावीत.