सेंटोसा नाही, हनुवंतिया!

यंदा दिवाळीत आमच्या घरी एकच विषय होता. सिंगापूरला असलेल्या चुलतभावानं सेंटोसा बेटावरचे व्हिडिओ पाठवले. केबल कार, पाण्याच्या घसरगुंड्या, युनिव्हर्सल स्टुडिओ. आमचा नऊ वर्षांचा मुलगा ते दिवसातून चारदा बघायचा आणि पाचव्यांदा मला दाखवायचा. "आई, आपण बेटावर कधी जायचं?" देवासमध्ये बसून बेटाचा हट्ट! आमची तेरा वर्षांची मुलगी त्यातल्या त्यात समजूतदार. ती म्हणाली, "अगं, विमानाचं भाडं बघ आधी."

मला माझी एस्सेलवर्ल्डची सहल आठवली. माझा मामा बोरिवलीला राहायचा. गोराईच्या जेट्टीवरून बोटीनं खाडी ओलांडून पलीकडे जायचं, म्हणजे खरंखुरं बेट! एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं आणि आमच्या पिढीच्या मालव्यातल्या मुलांना मुंबई म्हटलं की आधी तेच आठवायचं, गेटवे ऑफ इंडिया नंतर. पाळण्यांपेक्षा मला ती बोटच जास्त आवडली होती, हे मामाला सांगायची हिंमत झाली नाही, त्यानं तिकिटांना बरेच पैसे घातले होते. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं. मुलांना दाखवायचं राहूनच गेलं.

मग नवरा म्हणाला, "टापूच हवा ना? हनुवंतियाला जाऊ."

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खंडवा जिल्ह्यात नर्मदेवर पुनासाजवळ इंदिरा सागर धरण आहे. त्याच्या जलाशयाकाठी मध्य प्रदेश पर्यटन विभागानं हनुवंतियाला कॉटेजेस, बोट क्लब, क्रूझ अशी सोय केली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये इथे पहिला जल महोत्सव झाला आणि तेव्हापासून हे नाव सगळीकडे पोचलं. लोक 'हनुवंतिया टापू' म्हणतात, पण खरं सांगायचं तर गाडी थेट कॉटेजच्या दारापर्यंत जाते. आमच्या चिरंजीवांनी लगेच आक्षेप घेतला, "हे बेट नाहीच!" खरे सुटे टापू आत पाण्यात आहेत आणि तिथे बोटीनं जावं लागतं. त्यावर त्याचं समाधान झालं.

आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. टोंकखुर्दहून सासूबाई, सासरे आणि चुलत सासूबाई, म्हणजे आमच्या काकू, आदल्या रात्रीच देवासला आल्या होत्या. काकूंना न्यायचं की नाही यावर घरात थोडी कुजबुज झाली होती. त्यांचं माहेर हरसूदचं. जलाशयाखाली गेलेलं हरसूद, तेच. "त्यांना त्रास होईल," सासूबाई म्हणाल्या. काकू आतल्या खोलीतून म्हणाल्या, "मला विचारा की! मी येणार आहे. दशम्या मी करते."

पहाटे निघालो. इंदूर मागे टाकलं की सिमरोळ, मग भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदेवरचा पूल, सनावद आणि तिथून पुनासाच्या बाजूला. घाटात ट्रकांची रांग असते, त्यामुळे घाट लवकर ओलांडलेला बरा. ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांनी वाटेत ओंकारेश्वरला थांबावं. मांधाता हे तर आपलं खरं बेट, चहूबाजूंनी पाणी. परिक्रमेचा रस्ता सात-एक किलोमीटर आहे, चढउताराचा आहे, आणि वानरं हातातली पिशवी सोडत नाहीत. पण दहा वर्षांवरची मुलं आरामात चालतात. डोंगरावर आदी शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा २०२३ मध्ये उभा राहिला, तो मुलांना लांबूनच दिसतो आणि मग "तिथपर्यंत जाऊ" म्हणून तीच आपल्याला ओढत नेतात.

हनुवंतियाला पोचलो तेव्हा मुलगा गाडीतून उतरला आणि गप्प झाला. समोर काठ दिसतच नाही. इंदिरा सागर पूर्ण भरला की त्याचा पसारा ९०० चौरस किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दीड मुंबई. सेंटोसा बेट सगळं मिळून पाचेक चौरस किलोमीटर! हा आकडा मुलीनं भावाला मुद्दाम दोनदा ऐकवला.

करायला बरंच काही आहे. स्पीडबोट, जेट स्की, क्रूझ. महोत्सवाच्या दिवसांत तंबूंचं गावच उभं राहतं आणि पॅरासेलिंग, झिपलाइन, हॉट एअर बलून असले प्रकार वाढतात. महोत्सवाच्या तारखा दर वर्षी वेगळ्या असतात, त्या पाहूनच बुकिंग करा. माझं स्वतःचं मत विचाराल तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तेव्हा महोत्सवाच्या गर्दीत न जाता आगेमागे जावं. झिपलाइन नसेल, पण काठावर दगड भिरकावत तासभर बसता येतं. आमच्या मुलाला सगळ्यात जास्त काय आवडलं, तर पाण्यावर दगड किती टप्पे खातो ते. जेट स्की दुसऱ्या नंबरवर. हिवाळ्यात पाणी भरपूर असतं, पण संध्याकाळी वारा बोचतो. कानटोप्या न्या, मुलं नको म्हणाली तरी न्या.

एक गोष्ट मात्र कडक आवाजात सांगते. लाइफ जॅकेट. याच सहलीत परतताना एका घाटावर आम्ही एका खासगी बोटीत बसलो. बोटवाल्यानं मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट दिलं, तेही बकल तुटलेलं. मी बदलून मागितलं तर म्हणाला, "बहेनजी, दस मिनिट का तो राउंड है." सगळे बसले होते, पाठीमागे रांग होती, आणि मला एक क्षण वाटलं, जाऊ दे. मग सासरे उठले आणि सरळ उतरले. त्यांच्या मागोमाग आम्ही सगळेच. मुलगा रुसला. सासऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन धाराजीबद्दल सांगितलं.

आपल्यातल्या थोरांना आठवत असेल. धाराजी हे आपल्याच देवास जिल्ह्यातलं, नर्मदाकाठचं. एप्रिल २००५ मध्ये अमावस्येच्या मेळ्याला हजारो माणसं तिथे नदीच्या पात्रात होती आणि रात्री वरच्या इंदिरा सागरातून सोडलेलं पाणी आलं. कित्येक भाविक वाहून गेले. मुलांना भीती घालायची म्हणून सांगत नाही. पण धरणाखालच्या नदीत पाणी बघताबघता वाढतं, भोंगा वाजला की आंघोळ, फोटो सगळं सोडून वर यायचं, हे सहलीला निघण्याआधी घरीच समजावून द्यायला हवं. तेव्हा मला सुचलं नव्हतं.

आता काकू. क्रूझवर सगळे पुढे रेलिंगपाशी फोटो काढत होते. काकू मागच्या खुर्चीवर पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. माझी मुलगी जाऊन शेजारी बसली आणि तिनं सरळ विचारलं, जे आम्ही मोठ्यांनी घरात वीस वर्षं विचारलं नव्हतं. "काकूआजी, तुमचं घर कुठे होतं?"

काकूंनी पूर्वेकडे हात केला. "इथून दिसायचं नाही. लांब आहे." आणि मग बोलत राहिल्या. हरसूदचं स्टेशन, इटारसी-खंडवा लाइनवरचं. शाळेत जाताना फाटक बंद असायचं, मालगाडी जाईपर्यंत उभं राहायचं. बाजारातली कचोरी. अंगणातला कडुनिंब. १९८४ च्या ऑक्टोबरात इंदिरा गांधींनी धरणाचा पाया घातला आणि आठवड्याभरातच त्या गेल्या. "तेव्हा आम्हाला वाटलं, आता कसलं होतंय धरण." १९८९ मध्ये हरसूदला मोठा मेळावा भरला, बाबा आमटे, मेधा पाटकर, सुंदरलाल बहुगुणा सगळे आले. काकू तेव्हा लग्न होऊन टोंकखुर्दला आल्या होत्या, पण भावांनी पत्रातून सगळं कळवलं होतं. २००४ च्या पावसाळ्यात गाव रिकामं झालं. लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी पाडली, विटा आणि दारंखिडक्या नेता याव्यात म्हणून. छनेऱ्याला नवं हरसूद वसलं. एकट्या हरसूदचीच ही गोष्ट नव्हती, या जलाशयाची झळ सुमारे २५० गावांना लागली.

"दार आणलं भावानं," काकू म्हणाल्या. "नव्या घराला बसलं नाही. चौकट लहान होती."

मुलगा कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. त्यानं रेलिंगवरून खाली पाहिलं. "मग आपण आत्ता कुणाच्या घरावर आहोत?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. कुठलं तरी शेत असेल, सासरे म्हणाले.

मी त्या संध्याकाळी काकूंना विचारलं, त्रास झाला का. त्या म्हणाल्या, "त्रास कसला? तिकीट काढून माहेरी आले." आणि हसल्या. मी हसले नाही, मला जमलं नाही. पण दुसऱ्या दिवशी स्पीडबोटीत बसायला सगळ्यात आधी काकू तयार! जॅकेटचं बकल त्यांनी स्वतः तीनदा ओढून पाहिलं.

आता काही जण म्हणतील, अशा ठिकाणी मजा करायला जायचंच कशाला? हा प्रश्न मी परतीच्या वाटेवर सासऱ्यांना विचारला. ते शेतकरी माणूस. म्हणाले, "पाणी तर आपणही पितोच." खरंच आहे. २०१४ पासून ओंकारेश्वरच्या बाजूनं नर्मदेचं पाणी उपसून क्षिप्रेत सोडतात, आणि क्षिप्रेचं पाणी देवासला येतं. १९९० च्या सुमारास याच देवासला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं होतं, ते आपल्या आईवडिलांनी बादल्या घेऊन पाहिलंय. तेव्हा पाणी पिताना जर संकोच नाही, तर बोटीत बसताना एवढा कशाला? माझं मन मात्र एवढ्यानं पुरतं भरलं नाही. जायला हवं असंच मला वाटतं, पण बोटीत बसण्याआधी मुलांना हरसूद हे नाव माहीत असावं. मी तिथे असताना सहज नजर टाकली, तेव्हा झिपलाइनचे फलक दिसले, हरसूदचं नाव माझ्या तरी नजरेस पडलं नाही. सेंटोसाचंही असंच आहे म्हणा. १९७२ पर्यंत त्या बेटाला पुलाऊ ब्लाकांग माती म्हणत, आणि मलय भाषेत 'माती' म्हणजे मृत्यू. पर्यटक यावेत म्हणून नाव बदलून शांततेचं ठेवलं. हे चुलतभावाला व्हॉट्सॲपवर कळवलं, तर तोही चाट पडला. तिथे इतक्या वेळा जाऊन आलाय.

परतताना आम्ही देवासला न थांबता थेट टोंकखुर्दला गेलो, म्हाताऱ्या मंडळींना सोडायला. आमच्या शेतात एक तलाव आहे. २००६ नंतर उमाकांत उमराव देवासचे कलेक्टर असताना इथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीत तलाव खोदायला सुरुवात केली, त्यातला एक. शेकडो फूट खोल बोअर कोरडे जात होते, म्हणून टोंकखुर्द तालुक्यात गावोगाव हे तलाव झाले. त्यांना नाव दिलं 'रेवासागर', म्हणजे आपली नर्मदाच. थंडीत बदकं उतरतात, मुलांना हवं तेवढं बघता येतं, तिकीट नाही आणि रांगही नाही. ज्यांची शेती अजून गावाकडे आहे त्यांनी एखादा रविवार तिथे काढून पाहावा. पोहे-जिलेबी डब्यात न्या, दुपारी घरी बाफले सांगून ठेवा.

संध्याकाळी मुलगा पाळीवर उभा राहून दगड भिरकावत होता. चार टप्पे गेला की ओरडायचा. मग अचानक थांबला आणि आजोबांकडे वळला.

"आजोबा, या तलावाखाली कुणाचं घर होतं?"

"इथे? इथे घर नव्हतं रे. हरभरा होता," सासरे म्हणाले. "आपलाच."

त्यानं जरा विचार केला आणि पुढचा दगड उचलला.