काचेबाहेर थांबू नका, बाळाला छातीशी घ्या

‘सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं आपल्या वस्त्यांत अजूनही ऐकू येतं. हे खरं नाही. पोटात जास्त वाढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ते काचेच्या पेटीत, नळ्या लावलेलं पाहून आपण घाबरून बाहेर उभे राहतो. पण आई-वडील तिथे पाहुणे नाहीत; उपचाराचा भाग आहेत.

३४ आठवड्यांआधीच्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही. म्हणून आईने दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, हाताने दूध काढून सिस्टरकडे द्यावं. सुरुवातीचे थेंबही मोलाचे असतात.

डॉक्टरांनी सांगताच हात धुऊन बाळाला उघड्या छातीशी घ्या. हीच कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. आज जागतिक आरोग्य संघटना रोज ८ ते २४ तास ती करायला सांगते. वडील, आजीही करू शकतात.

३४ आठवड्यांआधीच्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासून घ्या. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून आजारी तान्ह्या बाळाचे उपचार, औषधं मोफत आहेत. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे. गंडे-दोरे नकोत. रोज विचारा: वजन किती, दूध किती, छातीशी कधी घेऊ? प्रश्न विचारायला बाबासाहेबांनीच आपल्याला शिकवलं आहे.