रताळ्याचं नाव बटाट्याला

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी भिवंडीच्या तीनबत्ती बाजारात बटाटे आणि रताळी शेजारी शेजारी रचलेली असतात. उपासाला दोन्ही चालतात. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली; १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर ती जगभर पसरली. पण खरं नवल त्यांच्या नावांत आहे.

कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला 'बताता' म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला. पुढे पेरूच्या डोंगरांत त्यांना दुसराच कंद भेटला, केचुआ भाषेतला 'पापा'. स्पेनमध्ये दोन्ही नावं एकमेकांत मिसळली आणि 'पताता' झालं. इंग्रजीतला 'पोटॅटो' याच घराण्यातला. सुरुवातीला तोही रताळ्यालाच म्हणत! पोर्तुगिजांकडे मात्र 'बताता' म्हणजे आपला बटाटा. भिवंडीजवळची वसई १५३४ ते १७३९ त्यांच्याच ताब्यात होती. आपण कंदही घेतला, नावही घेतलं.

मग स्पॅनिश मजकुरात 'बताता' आला, तर इंग्रजीत काय लिहायचं? कान 'पोटॅटो' सुचवतो, पण बरोबर शब्द 'स्वीट पोटॅटो'. तीच अक्षरं पोर्तुगीज मजकुरात आली, तर साधा 'पोटॅटो'. आणि मेक्सिकोत रताळं हवं असेल, तर 'कामोते' म्हणावं लागतं.

दोन्ही हातात घेऊन बघा. बटाट्याचे डोळे म्हणजे कोंब फुटायच्या जागा. तो जमिनीखालचं खोड आहे, वांग्या-मिरचीचा भाऊबंद. रताळं हे मूळ, समुद्रकाठच्या मर्यादवेलीच्या कुळातलं. त्याचं शास्त्रीय नाव काय? 'इपोमिया बटाटस'. लिनियसनं १७५३ मध्ये 'बटाटस' हा शब्द रताळ्यालाच दिला. शास्त्राच्या वहीत नाव अजून मूळ मालकाकडे आहे.

भिवंडीत हा पेच रोज सुटतो. यंत्रमागावरचा उत्तरेकडचा कारागीर 'आलू' मागतो, पद्मानगरातली तेलुगू बाई 'आलुगड्डा'; दोघांना बटाटाच मिळतो. पण थंडीत गुजराती गिऱ्हाईक 'रतालू' म्हणालं, तर त्याला उंधियू या भाजीत पडणारा जांभळा कंद हवा असतो; आपलं रताळं त्याच्याकडे 'शक्करिया'. अशा वेळी जाणता भाजीवाला नुसत्या नावावर तराजू उचलत नाही. विचारतो, "उंधियूला पाहिजे का?"

अनुवादाला बसणाऱ्यानं हाच प्रश्न शिकावा. शब्द कोणाच्या तोंडचा, कुठला आणि कशासाठी, एवढं कळलं की योग्य प्रतिशब्द आपोआप हाताशी येतो.