न दुखणाऱ्या दाढेचं काय करायचं?

सरकारी आरोग्यसेवेत कुठल्या उपचारावर पैसा घालावा, हे सांगायला ब्रिटनमध्ये 1999 साली ‘नाइस’ ही संस्था उभी राहिली. मार्च 2000 मधलं तिचं पहिलंच उपचार-मूल्यमापन कर्करोगावर नव्हतं की हृदयविकारावर नव्हतं. ते होतं अक्कलदाढेवर. अडकलेली पण निरोगी दाढ ‘पुढेमागे त्रास देईल’ म्हणून काढणं थांबवा, असं त्यात बजावलं होतं.

तोवर ऐन तरुणपणीच दाढा काढून मोकळं होण्याची रीत होती. त्यातलं एक लाडकं कारण म्हणजे अक्कलदाढ मागून रेटते आणि पुढचे दात वाकडे होतात. 1998 च्या एका ब्रिटिश चाचणीने त्यातली हवा काढली, तरी ते अजून ऐकू येतंच. शिवाय खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठ-हनुवटीची नस जाते. दाढ काढताना तिला इजा झाली तर ओठ बधिर होतो, क्वचित कायमचा. न दुखणाऱ्या दातापायी ही जोखीम कशाला, हा प्रश्न रास्तच होता.

‘नाइस’च्या मार्गदर्शनात भरता न येणारी कीड, गळू, पुटी अशी कारणं असतील तर दाढ काढायला मुभा होती. दाढेवरची हिरडी पहिल्यांदा सुजली, तर सूज फार तीव्र नसल्यास थांबायचं. पुन्हा सुजली तर काढण्याचा विचार करायचा.

सुरुवातीला शस्त्रक्रिया घटल्या. पुढे आकडे परत चढले, पण आता खुर्चीत बसणारा माणूस वेगळा होता. सरासरी वय 25 वरून 32 वर गेलं होतं आणि किडीच्या तक्रारी वाढल्या होत्या. पुढे कललेली दाढ शेजारणीला टेकते, त्या सांदीत ब्रश पोचत नाही. मग कीड लागते ती पुढच्या, रोज चावायच्या दाढेला, आणि कधी कधी तीच गमवावी लागते. अडकलेल्या निरोगी दाढांसाठी नेहमीच्या तपासणीपेक्षा वेगळं काही नको, असं त्याच मार्गदर्शनात म्हटलं होतं. माझ्या मते गफलत झाली ती तिथे. दाढ ठेवायची तर तिच्यावर नजरही ठेवायला हवी होती.

वैद्यकीय संशोधनाचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यालाही निरोगी दाढ काढावी की ठेवावी हे ठरवण्याइतका पुरावा सापडला नाही. त्यामुळे एक्स-रेमध्ये दाढ किती कललेली दिसते, शेजारच्या दाढेला टेकते का, नस किती जवळ आहे, हे प्रत्येकाचं वेगवेगळं पाहावं लागतं. नस मुळांना अगदी खेटून असेल, तर काही शल्यचिकित्सक मुळं आत राहू देतात आणि वरचा भाग तेवढा काढतात.