थांबलेल्या हाताचा हिवाळा

चेंडू घरंगळत येतो. मुलगा गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात पुढे घेऊन तो ग्लव्हमध्ये घेतो आणि शेजारच्या बादलीत टाकतो. लगेच दुसरा चेंडू, पुन्हा बादली. खेळात एरवी याच क्षणी चेंडू सणसणत पहिल्या बेसकडे जायला हवा, पण डिसेंबरमध्ये इथे कुणी फेकत नाही. कोच स्वतःसुद्धा चेंडू हाताने जमिनीवर सोडतात.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास जुन्या गोदामांमधून बेसबॉलची इनडोअर सेंटर उभी राहिली आहेत. खाली नकली गवत आणि त्यात रबराचे काळे कण, जे नंतर मुलांच्या मोज्यांतून आमच्या घरभर पसरतात. छतापासून जाळ्या सोडलेल्या, वर घरघरणारे हीटर. बाहेर संध्याकाळी पाचलाच अंधार आणि पार्किंगमध्ये बर्फाचे ढीग. आत ११-१२ वर्षांची मुलं एप्रिलची तयारी करतात. माझा मुलगा त्यांच्यातलाच, पिचर, म्हणजे बॅटवाल्याकडे चेंडू टाकणारा. मी जाळीबाहेरच्या बाकावर बसून हे बघत असते.

नोव्हेंबरात शेवटचा सामना झाला की या कोचांचा पहिला नियम लागू होतो: हात खांद्याच्या वर नेऊन काहीही फेकायचं नाही. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत या वयाच्या मुलांनी वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद ठेवावं आणि त्यांतले दोन-तीन महिने सलग असावेत, असं स्पष्ट सांगितलं आहे. ११-१२ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच, म्हणजे फेकी, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती.

यामागचं कारण कोपरात आहे. या वयात हाडांची टोकं पक्की झालेली नसतात. वाढीची कूर्चा अजून मऊ असते आणि फेकताना आतल्या बाजूचे स्नायू व अस्थिबंध तिलाच खेचतात. मोठ्यांचा अस्थिबंध फाटतो, लहानांची कूर्चाच सुटू लागते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या डाव्या कोपरातल्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी उजव्या हातातला स्नायुबंध बसवला. तो १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. व्यावसायिक खेळाडूसाठी शोधलेली ही शस्त्रक्रिया पुढे शाळकरी मुलांवर होऊ लागली. बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ मध्ये शस्त्रक्रियेची वेळ आलेल्या आणि न आलेल्या किशोरवयीन पिचर्सची तुलना केली. वर्षात आठ महिन्यांहून अधिक पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट निघाली. हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये ती छत्तीसपट होती. हा दुसरा आकडा वाचल्यापासून मी मुलाला सामन्यानंतर पहिला प्रश्न हाताबद्दलच विचारते, स्कोअर नंतर.

हात थांबला म्हणजे मूल थांबलं असं मात्र नाही. वॉर्म-अपमध्येच घाम निघतो: अस्वलासारखं चारी पायांवर चालणं, आडव्या उड्या, एका पायावर तोल धरून वाकणं. मग दोन किलोचा मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी कमरेपाशी धरून, अंगाला पीळ देऊन भिंतीवर आपटायचा. आधी कंबर वळते, मागून खांदे, हा क्रम अंगात मुरवायचा असतो, कारण पिचची ताकद पायांत आणि कमरेत तयार होते आणि हात ती फक्त पुढे पोचवतो. त्यानंतर रबरी पट्ट्या मागे ओढण्याचे व्यायाम. चेंडू सुटल्यावर प्रचंड वेगाने फिरणारा हात थांबवण्याचं काम खांद्यामागचे स्नायू करतात, आणि लहान मुलांत ते दुबळे असतात. मुलांना हा भाग आवडत नाही. पट्ट्यांच्या वेळी सगळ्यांनाच तहान लागते.

सर्वांत जास्त वेळ जातो टीवर. उंची कमी-जास्त करता येणारा रबरी दांडा, त्यावर ठेवलेला स्थिर चेंडू. पहिल्यांदा पाहताना हे फारच सोपं वाटतं, पण बॅटरच्या सगळ्या चुका इथेच उघड्या पडतात. अंगाजवळचा चेंडू पुढच्या पावलाच्याही पुढे गाठावा लागतो, बाहेरचा जरा मागे येऊ द्यावा लागतो. घाई करणारा मुलगा बाहेरचा चेंडू ओढून मारतो आणि तो जमिनीवर लोळत जातो. कोचांनी मागच्या जाळीवर डोक्याच्या उंचीला एक पिवळी फीत बांधली आहे, चेंडू सरळ तिच्याकडे जायला हवा. दहा चेंडू, बॅट खाली, चेंडू गोळा करा, टी एक वीत सरकवा, पुन्हा दहा. ॲल्युमिनियमच्या बॅटचा आवाज ऐकून आता मलासुद्धा न बघता कळतं, चेंडू बॅटच्या नेमक्या जागी लागला की मुठीजवळ.

माझ्या मुलाच्या वयाला हा हिवाळा आणखी महत्त्वाचा आहे. लिटल लीगच्या मैदानावर १२ वर्षांपर्यंत पिचर ४६ फुटांवरून टाकतो आणि बेसमधलं अंतर ६० फूट असतं. मोठ्या मैदानावर हेच आकडे ६० फूट ६ इंच आणि ९० फूट होतात. काही ठिकाणी मध्ये ५० आणि ७० फुटांची पायरी असते, अनेक मुलं थेट उडी मारतात. चेंडू तोच. शरीर मात्र याच वर्षात भराभर उंच होत असतं आणि हातपाय कालच्या हिशोबाने चालत नाहीत. अशा वेळी अंतर भरून काढायला मूल सगळा जोर हातावर देतं. पाय आणि कंबर आधी तयार करायची ती यासाठी.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे थांबणं सहज पटत नाही. आमच्याकडे १९४८ पासून क्रिकेटची कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते, बारा महिने खेळतो तोच खरा अशी आमची समजूत. इथेही हिवाळी लीग आहेत, वेग मोजणारी रडार गन आहे, ‘शेजारचा मुलगा टाकतोय, आपला का नाही’ ही पालकांची कुजबुज आहे. फी भरणाऱ्या पालकांना ‘आता फेकू नका’ असं ठामपणे सांगणारा कोच मला सर्वांत भरवशाचा वाटतो. आमचे कोच मुलांना या दिवसांत बास्केटबॉल खेळायला पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

फेब्रुवारीत हात पुन्हा सुरू होतो, तोही बेताने. आधी ३० फुटांवरून हलकी फेकाफेक, मग ४५, मग ६०. अंतर वाढवलं त्या दिवशी फेकींची संख्या वाढवत नाहीत. काही आठवड्यांनी सपाट जमिनीवरून कॅचरच्या ग्लव्हकडे, आणि सर्वांत शेवटी पिचरच्या मातीच्या उंचवट्याऐवजी इथे ठेवलेल्या लाकडी उतारावरून. पहिल्या वेळी १५ पिच, सगळे साधे फास्टबॉल, अर्ध्या जोराने. रडार गन तोवर बंद.

त्याच सुमारास कोच पालकांना एक कोरा तक्ता देतात. शाळेची टीम, ट्रॅव्हल टीम, लिटल लीग, प्रत्येक ठिकाणचा कोच आपापल्या सामन्यातले पिच मोजतो. सगळ्यांची बेरीज फक्त घरात होऊ शकते. म्हणून तारीख, टीम, पिच आणि विश्रांतीचे दिवस असे रकाने. कॅचिंग केलेल्या इनिंग्जचाही एक, कारण कॅचरही जवळजवळ प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकत असतो. शेवटचा रकाना मात्र मुलाने स्वतः भरायचा: आज दुखलं का, खांदा की कोपर, फेकताना की दुसऱ्या दिवशी सकाळी.